तीनशे नऊ शुक्रवार

४ फेब्रुवारी, मंगळवार

मने,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे आधी बाजूला ठेवशील आणि दुपारी आपली भाची, ताईची लेक, कामावर गेली की उघडशील, असा माझा अंदाज आहे. अंदाज चुकला असेल तर तू हे वाचतच नाहीयेस, म्हणजे मला खोटं पाडायलाही कोणी नाही.

सहा वर्षांनी पत्र लिहितोय ते काम निघालं म्हणून. उगाच गळ्यात पडायला नाही.

आपला कॉम्प्युटर अगदी टेकीला आलाय. सकाळी बटण दाबतो, चहा ठेवतो, पितो, कप विसळतो, दाढी करतो, तेव्हा कुठे पडद्यावर काहीतरी हलायला लागतं. व्हॉल्व्हची नोंदवही उघडायला अकरा मिनिटं लागतात. अंदाजे नाही, घड्याळ लावून मोजलंय. आणि नेमकं आत्ताच तिला गिऱ्हाईक आलंय.

पाणीखात्यात नवीन इंजिनीअरबाई आल्या आहेत. गेल्या महिन्यात पश्चिमेकडे मोठी लाईन फुटली, आणि एक व्हॉल्व्ह शोधायला खात्याने तीन ठिकाणी रस्ता खणला. खात्यातले नकाशे कसे आहेत ते मी चौतीस वर्षं त्यांच्या रेकॉर्ड रूममध्ये बसून पाहिलंय. ते भिंतीवर लावायला छान आहेत. तर कोणीतरी बाईंना सांगितलं की रेकॉर्डवाल्या काकांनी निवृत्त झाल्यावर गावातल्या एकूण एक व्हॉल्व्हची नोंद घरी कॉम्प्युटरवर केली आहे. त्या स्वतः घरी आल्या. मी रुबाबात मशीन चालू केलं. अकरा मिनिटं आम्ही दोघं त्या फिरणाऱ्या गोल चक्राकडे बघत बसलो. मग त्या घड्याळ बघून म्हणाल्या, "काका, तोवर पाणी दुसऱ्या मजल्यावर पोचेल." एप्रिलअखेर त्यांना ती नोंदवही खात्याच्या कामात घ्यायची आहे.

तू एकदा एका दुपारी काहीतरी केलं होतंस आणि हाच डबा पळायला लागला होता. काय काय केलंस ते क्रमानं लिहून पाठव. पुढे जे झालं ते झालं, त्यावर मला काही बोलायचं नाही. पण तो एक दिवस मशीन पळालं होतं हे खरं आहे, आणि खरं ते मी नाकारत नाही.

दादा

ता. क. पत्ता भाचीकडून घेतला. तिला रागावू नकोस.


१९ फेब्रुवारी, बुधवार

मने,

उत्तर नाही. ठीक आहे, मी तरी कुठे सहा वर्षांत पत्र पाठवलं होतं.

शेवटी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानातल्या बाईंना बोलावलं. कपाळाला भिंग बांधून बसतात, म्हणून सगळी गल्ली त्यांना डॉक्टरीणबाई म्हणते. पन्नाशीच्या आहेत, आवाज असा की रोग्याला आपोआप उठून बसावंसं वाटावं. आल्या, टेबलाखाली वाकल्या आणि म्हणाल्या, "काका, हे काय?"

"कव्हर आहे. मी शिवलंय."

"मशीन चालू असताना?"

"नाहीतर धूळ जाते ना आत."

"धूळ जातेच, वारा तेवढा जात नाही. स्वेटर घालून पळायला लावलंय तुम्ही याला."

कव्हर काढलं, डबा उघडला. आत धुळीचा इतका कापूस निघाला की एक लहानशी उशी भरली असती. रंगवायच्या ब्रशने सगळं झाडलं, पंख्याची पाती एकेक पुसली. नंतर मशीन चालू करून म्हणाल्या की बटण दाबल्या दाबल्या सतरा प्रोग्रॅम आपापले उठून बसतात, यातले तुम्हाला लागतात किती? मी म्हटलं, दोन. पंधरा जणांना त्यांनी परत झोपवलं. व्हायरसपासून राखण करणारे मी तीन ठेवले होते, एकावर भरवसा नको म्हणून. त्या म्हणाल्या, "तिघं दिवसभर एकमेकांचीच झडती घेत बसलेत. एक पुरे." मेमरी चारची आठ करायची आणि जुन्या फिरत्या डिस्कच्या जागी नवीन, न फिरणारी बसवायची, असं ठरलं. डबा मात्र तोच राहील. तो चांगला आहे म्हणाल्या, फक्त त्याचे हाल झालेत.

मग गाडी अडली. पाचशे जीबीतली चारशे ब्याण्णव जागा भरलेली निघाली. त्यांनी बघितलं तर तीनशे नऊ फोल्डर. प्रत्येकाचं नाव ‘शुक्रवार’ आणि पुढे तारीख. तू गेल्यापासून दर शुक्रवारी मी अख्ख्या नोंदवहीची, नकाशांसकट, नवी प्रत करून ठेवतो. तीनशे बारा व्हायला हव्या होत्या, पण मधे तीन शुक्रवार मी दवाखान्यात होतो. आता बरा आहे, ते विचारत बसू नकोस.

"एक प्रत ठेवा, एक बाहेरच्या डिस्कवर ठेवा, बाकीच्या उडवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या गर्दीत मशीनला श्वास घ्यायला जागा नाही."

मी नाही म्हणालो. तुला माझा नियम माहीत आहे. रेकॉर्ड रूममधला कुठलाही कागद नष्ट करायचा तर आधी यादी करायची, आणि यादीवर दोन सह्या घ्यायच्या. एक कागद सांभाळणाऱ्याची, दुसरी तो ज्याच्या हातून तयार झाला त्याची. साहेबाची सही चालायची नाही. साहेबाला काय, तो कशावरही करतो.

बाई म्हणाल्या, "घरच्या कॉम्प्युटरला कुठला आलाय नियम?"

मी म्हटलं, "मला आलाय."

तर दोन वर्षं मी वहीतून वाचत होतो आणि तू टाईप करत होतीस. निम्मी नोंदवही तुझ्या हातची आहे. म्हणून सोबत नऊ पानी यादी जोडली आहे. प्रत्येक पानावर माझ्या सहीशेजारी रेघ मारून जागा ठेवली आहे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, बहीण किती लांब राहते. मी त्यांना गाडीचे तास सांगितले.

दादा


७ मार्च, शुक्रवार

मने,

यादी पोचली. पाकीट उभ्या उभ्याच उघडलं.

नऊच्या नऊ पानांवर तुझी सही आहे. तीच, शेवटचं अक्षर खाली ओढलेली. मी प्रत्येक पान उजेडात धरून बघितलं. सोबत चिठ्ठी असेल म्हणून पाकीट झटकलं, मग फाडून उलटंही केलं. चिठ्ठी नव्हती. फक्त नवव्या पानावर शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द: "प्रती कशासाठी?"

सवय म्हणून, दुसरं काय.

चार दिवस बसून एकेक फोल्डर उघडलं, तारीख यादीशी ताडली, बरोबरची खूण केली आणि उडवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की सगळी एकदम निवडून एका बटणात जातात. मला ते बरं वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी खांदा भरून आला, तरी केलं. उडवलेलं मी आधी टोपलीतही जाऊ दिलं नाही, थेट कायमचं काढलं. कसं ते त्यांनीच दाखवलं.

काल नवीन डिस्क बसली आणि आज सकाळी बटण दाबलं. चहाचं भांडं गॅसवर ठेवायला वळलो तोवर पडदा तयार! नोंदवही वीस सेकंदांत उघडली. मी परत बंद केली आणि परत उघडली. एकोणीस. सबंध सकाळ मी नुसता उघडझाप करत होतो. नऊ वर्षांचं मशीन, कोणी भंगारातही विचारलं नसतं, आणि आता बघ. आनंदाने मी डॉक्टरीणबाईंना दुकानात जाऊन सांगून आलो. त्या म्हणाल्या, माहीत आहे, मीच केलंय.

एक बारीकशी गोष्ट झाली. जाता जाता त्यांनी पडद्यावरच्या टोपलीकडे बोट केलं. "काका, कचऱ्यात अठ्ठावीस फायली आहेत. रिकामी करून टाकू?"

मी एवढ्या जोरात "नको!" म्हणालो की त्यांच्या हातातला स्क्रू खाली पडला.

"कचराच आहे ना?"

"तपासायच्या फायली आहेत त्या. तिथे ठेवतो मी. आता घरात ती टोपली रिकामी करायला कोणी नाही, म्हणून चालतं."

त्यांनी भिंग वर सरकवलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी चहाचं विचारलं. नको म्हणाल्या.

आज शुक्रवार आहे. प्रत केली नाही. दुपारभर हाताला काही काम नव्हतं, म्हणून हे लिहिलं.

दादा


२२ मार्च, शनिवार

मने,

हे पत्र मी तीनदा सुरू करून फाडलं. या वेळी फाडणार नाही.

परवा गुरुवारी सकाळी साडेदहाला इंजिनीअरबाईंचा फोन आला. पूर्वेकडे, शाळेच्या मागच्या उतारावर, लाईन फुटली होती. "काका, नोंदवही उघडा, कुठला व्हॉल्व्ह बंद करू ते सांगा, माणसं रस्त्यात उभी आहेत." मी म्हटलं, वीस सेकंद थांबा. वीस सेकंद त्या थांबल्या. नोंदवही उघडली, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

पूर्व भाग तिच्यात नाही. सहा वर्षं नाही. तुझ्या त्या दुपारनंतर तो मी परत केलाच नाही. पश्चिम, उत्तर, पंपहाऊस, सगळं नीट आहे, मात्र पूर्वेच्या जागी नुसतं मथळ्याचं पान. खात्याला मी सांगत आलो की काम चालू आहे. मशीन फार हळू चालतं, त्याला वेळ लागतोय. सगळ्यांना पटायचं. मलासुद्धा पटायचं. मशीन रडतखडत होतं तोवर मला कोणी काही विचारत नव्हतं.

मग खिशात ठेवायच्या जुन्या वह्या काढून, जमिनीवर पसरून, चष्मा पुसत शोधत बसलो. चाळीस मिनिटं गेली. फोन तसाच चालू होता आणि त्यात लोकांचा आरडाओरडा ऐकू येत होता. उतारावरच्या शेवटच्या घरात एक म्हातारे गणिताचे मास्तर एकटे राहतात. त्यांच्या तळमजल्यात गुडघाभर पाणी शिरलं. माणूस सुखरूप आहे, पण त्यांची अंथरुणं, पेट्या, पुस्तकं, सगळं भिजलं. काल मी गेलो होतो. दोघांनी मिळून पुस्तकं खुर्च्यांवर उभी करून वाळत घातली. मी कोण ते त्यांना ठाऊक नव्हतं. दोनदा म्हणाले, तुम्ही किती चांगले आहात हो. मला तिथे उभं राहवेना.

आता टोपलीचं सांगतो.

रेकॉर्ड रूममध्ये माझ्या टेबलाखाली तारेची टोपली होती. तपासायचे कागद मी तिच्यात टाकायचो. टेबलावर ठेवले तर कोणीही उचलून नेतं, पण टोपलीत कोण हात घालणार? सफाईवाल्या बाईंनाही ताकीद दिलेली होती. चौतीस वर्षांत त्या टोपलीतून एक कागद गेला नाही. घरी कॉम्प्युटर आला, त्याच्या पडद्यावर कोपऱ्यात टोपली दिसली, तेव्हा मला वाटलं, वा, यांनी माझी सोय केलीय! पूर्व भागाची फाईल मी बुधवारी संध्याकाळी तपासायची म्हणून तिच्यात ठेवली. गुरुवारी दुपारी तू मशीन हलकं करायला टोपली रिकामी केलीस.

फाईल मी ठेवली होती, मने. तू नाही.

तुला वाटेल हे मला आत्ता कळलं. तसं नाही. तू गेलीस त्याच्या पंधराव्या दिवशी मी पंपहाऊसचे दोन नकाशे शोधत होतो, ते मी टोपलीत ठेवलेले मला नक्की आठवत होते. टोपली उघडली तर त्या गुरुवारनंतर ठेवलेलं तेवढं होतं, आधीचं काही नाही. तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याच दिवशी तुला लिहायला हवं होतं. पण तोवर मी सगळ्यांना सांगून बसलो होतो. शेजारी, खात्यातले जुने लोक, भाची, सगळे म्हणत होते, अरेरे, दोन वर्षांची मेहनत बहिणीने घालवली. आता उलटं कसं सांगायचं? उद्या लिहू, पुढच्या आठवड्यात लिहू. सहा वर्षं.

आणि मी तुला काय बोललो ते मला अक्षरन् अक्षर आठवतं. नवरा गेल्यावर तू या घरात आलीस, नऊ वर्षं राहिलीस, माझं आजारपण काढलंस, वर दोन वर्षं रोज चार तास माझं टाईप केलंस, आणि मी एका फाईलसाठी म्हणालो, "तुला घरात घेतलं तिथेच माझं चुकलं." दुसऱ्या दिवशी पेटी भरलीस.

प्रती कशासाठी, असं विचारलंस. लोकांना वाटायचं, पुन्हा कोणी हात लावू नये म्हणून काका जपतात. घरात हात लावायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. त्या तीनशे नऊ प्रती माझ्याच भीतीने केल्या होत्या.

माझं चुकलं. घरात घेतलं ते नव्हे, बोललो ते, आणि गप्प राहिलो ते. भाचीला मी आज सकाळी फोन करून सगळं सांगितलं. इंजिनीअरबाईंनाही सांगितलं की पूर्व भाग नाही, आणि त्यात मशीनचा दोष नाही. शेजारी उरलेत, त्यांनाही सांगेन.

तू उत्तर लिहिलं नाहीस तरी मला समजेल. पण लिहावंस असं मला फार वाटतं.

दादा


९ एप्रिल, बुधवार

मने,

तुझं पत्र सकाळी आलं. मी ते चार वेळा वाचलं, आणि त्यातला एक भाग तुला परत लिहून पाठवतोय, म्हणजे तो मला नीट कळला की नाही ते तूच तपास.

तू लिहितेस: "दादा, टोपली रिकामी करायच्या आधी मशीन विचारतं, नक्की का. मी आत बघितलं होतं. पहिलंच नाव पूर्व भागाचं. आदल्या आठवड्यात तू चाळिसाव्या पानावर सतरा चुका काढल्या होत्यास, आणि हे सगळं टाकून द्यायच्या लायकीचं आहे म्हणाला होतास. मला वाटलं, टाकलंस. माझी दोन वर्षं टाकलीस आणि मला सांगितलंही नाहीस. इतकं लागलं की तुला विचारावंसंही वाटलं नाही. मी ‘हो’ दाबलं. विचारलं असतं तर मिनिट लागलं असतं. दुसऱ्या दिवशी तू ओरडत होतास, तेव्हा मला कळेना की स्वतःच टाकलेल्या गोष्टीवर हा माणूस का रडतोय. आणि मग तू घराचं बोललास, त्यापुढे बाकीचं सगळं मागे पडलं. ते मी विसरणार नाही. पण माझं ‘हो’ही मी विसरलेली नाही."

एवढं वाचून मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. सहा वर्षं तुला वाटत होतं की मी तुझं काम कचऱ्यात फेकलं. सहा वर्षं! आणि मला वाटत होतं, गुपित फक्त माझ्याकडे आहे. आपण दोघं एकाच घरात वाढलो यात कोणाला शंका असेल तर त्याने येऊन बघावं.

चुका सतरा नव्हत्या. तपासायला छापलेलं तेवढं एकच पान उरलं होतं, ते तू गेल्यावर मी पुन्हा तपासलं होतं. सहा तुझ्या होत्या. अकरा माझ्या वहीतल्याच होत्या, तू बिचारीने जसंच्या तसं उतरवलं होतंस. हेही तुला सांगायचं राहिलं होतं.

तुझ्या अटी सगळ्या मान्य. इथे राहायला येणार नाहीस, हे वाचून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तिथे वाचनालयात तुझी सकाळची नोकरी आहे, मैत्रिणी आहेत, भाची आहे. तुझं बरं चाललंय याचा मला आनंद आहे, थोडा मागून आला पण आला. दुपारी चार ते पाच तू मोकळी असतेस. मी इथून फोनवर वाचायचं, तू तुझ्याकडच्या मशीनवर टाईप करायचं, आणि पान झालं की मला पाठवायचं. चुका काढायच्या त्या पान संपल्यावर, मधेच नाही. "मधेच नाही"खाली दोन रेघा मारल्या आहेस. दिसल्या.

डॉक्टरीणबाईंना विचारून आलो. त्या म्हणाल्या, आधीच्या मशीनवर हे जमलंच नसतं, आता खुशाल करा. मग तिथेच दुकानात उभं राहून मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. शेजाऱ्यांपैकी दोघं तिथे चार्जर घ्यायला आले होते, त्यांनीही ऐकली. बरंच झालं, दोन घरं कमी झाली.

टोपलीतल्या अठ्ठावीस फायली बाहेर काढल्या. ‘तपासायचे’ नावाचं फोल्डर केलं आणि त्यात ठेवल्या. मग एक कोरी फाईल टोपलीत टाकून ती रिकामी करायला गेलो, तर मशीनने विचारलं, नक्की का. टोपलीत तेवढी एकच होती, तरी मी तीनदा बघितलं आणि मग दाबलं.

सोमवार एकवीस तारखेपासून सुरू करू. वह्या मी क्रमाने लावून ठेवल्या आहेत. घसा बसू नये म्हणून गरम पाणी पितोय.

दादा


२१ एप्रिल, सोमवार

मने,

आज फोनवर जे बोलता आलं नाही ते लिहितो.

चारला पाच कमी असताना मी खुर्चीत बसलो होतो. शर्ट बदलला होता, तू बघणार नव्हतीस तरी. फोन लावल्यावर काय म्हणायचं याची मी दोन दिवस तयारी केली होती. आधी तब्येत विचारायची, मग भाचीचं, मग थोडं मास्तरांच्या पुस्तकांचं, ती वाळली, पानं फुगली आहेत पण वाचता येतात. आणि तू उचलल्या उचलल्या म्हणालीस, "हं. वाच." माझी सगळी तयारी तिथेच संपली.

मग मी वाचत सुटलो. तुझ्या बोटांचा आवाज फोनमधून येत होता. आधी सारखा अडखळत, मग तुला लय सापडली. तुला टाईप करताना ऐकून मला काय वाटलं ते मला लिहिता येईल असं वाटलं होतं, पण येत नाहीये. विसाव्या व्हॉल्व्हपाशी मी थांबलो तो खोकला आला म्हणून नाही. तुला ते कळलं असणार, कारण तुझी बोटंही थांबली. मग म्हणालीस, "दादा, पाणी पी. मी आहे." मी पाणी प्यायलो.

एकतिसाव्याला मी वाचलं, "शाळेची मागची भिंत, भिंतीपासून दोन फूट, झाकण दगडी."

तू म्हणालीस, "अडीच."

मी म्हटलं, "दोन. वहीत स्वच्छ लिहिलंय."

"वहीत चुकलंय. मागच्या वेळी वाचताना तूच म्हणाला होतास, वहीत चुकलंय, अडीच टाईप कर. मी अडीच केलं होतं. तू वही दुरुस्त केली नाहीस."

मने, ती फाईल गेली त्याला सहा वर्षं झाली, आणि मी तिच्यासाठी इतका आकांत केला, पण ती तुला पाठ आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी "अडीच लिही" म्हणालो. तुला वाटलं असेल, वाद नको म्हणून म्हणतोय. थोडं तसं होतंही.

पाच वाजता फोन ठेवला, चपला घातल्या, टेप घेतली आणि शाळेच्या मागे गेलो. दोन फुटांवर खडीशिवाय काही नाही. पायाने माती बाजूला केली, पुढे सरकलो, आणि दगडी झाकण लागलं. गुडघे टेकून दोनदा मोजलं. अडीच फूट आहे. लाईन फुटली त्या गुरुवारची पाळी पुन्हा आली असती आणि मी फोनवर दोन म्हणालो असतो, तर त्यांनी भलतीकडेच खणलं असतं. घरी येऊन वहीतलं दोन मी लाल शाईने खोडलं, अडीच लिहिलं आणि शेजारी सही केली. तिच्या बाजूला तुझ्यासाठी जागा ठेवली आहे.

दादा